जागाबदल

त्या सभेत ताईला एकामागून एक इतके धक्के बसले, की पहिला धक्का कुठला हे नंतर तिला आठवून सांगावं लागायचं. पहिला तसा किरकोळच होता. दादा आला.

दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ. नळ जोडणं, गळती काढणं हा त्याचा धंदा. ताईची लाँड्री. दोघांचाही जन्म पाण्यात हात घालण्यात गेला, आणि दोघांचं बिनसलं तेही पाण्यावरूनच. ताईच्या मंडळीत, म्हणजे तिच्या चर्चमध्ये, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. आईबापांनी बाळ आणायचं, पाळकांनी त्याच्या डोक्यावर ओंजळभर पाणी ओतायचं. दादा तरुणपणीच दुसऱ्या मंडळीत गेला. त्यांच्यात बाप्तिस्मा फक्त जाणत्या माणसाला, त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्यावर, आणि तोही टाकीत अख्खं बुडवून. शास्त्र दोघांचं एकच, वचनंही तीच. फक्त एकाला त्यातून ओंजळ दिसायची आणि दुसऱ्याला टाकी, आणि समोरच्याला एवढं साधं कसं दिसत नाही याचं दोघांनाही नवल वाटायचं.

दादाच्या मंडळीची इमारत रस्ता रुंद करताना पडली, तेव्हा ताईच्या मंडळीने आपल्या प्रार्थनागृहात त्यांना जागा दिली. सकाळी हे, दुपारी ते. ताईकडे राहणारी म्हातारी आई दर रविवारी सकाळची उपासना झाली तरी हलायची नाही. दुपारची माणसं यायला लागली की दारात थांबायची, म्हणजे एक पोर बाहेर पडताना आणि दुसरं आत येताना दोघं एकदम दिसायची. आईला तेवढंच पुरत होतं.

मग दोन्ही मंडळ्या एक कराव्यात असं निघालं, आणि होतं तेवढंही सुख गेलं. वाद पेटला. त्यातच ताईच्या लेकीला मुलगी झाली, तिचा बाप्तिस्मा ठरला, आणि बोलावणं करायला गेलेल्या ताईला दादा म्हणाला, "केस ओले करायच्या कार्यक्रमाला मी येत नाही." ताईने तिथल्या तिथे पाठ फिरवली. एक व्हायचं की नाही ते ठरवणाऱ्या सभेत फाटलं असतं तर दादाची मंडळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला भाड्याच्या हॉलमध्ये जाणार होती. तिथवर आईचे गुडघे पोचले नसते, आणि ताई तर पोचणारच नव्हती. एवढं झाल्यावर दादा सभेला येणारच नाही, अशी तिने मनाची समजूत घालून ठेवली होती.

तो आला, आणि थेट ताईच्या नेहमीच्या बाकावर येऊन बसला. कारण त्या दिवशी जागाबदल होता.

जागाबदल ही त्या प्रार्थनागृहाची जुनी रीत. शास्त्राच्या अर्थावरून मंडळीत दोन तट पडले, की मत घेण्याआधी दोघांनी बाकं बदलायची. डावीकडच्यांनी उजवीकडे बसायचं आणि एकेकाने उठून समोरच्याची बाजू मांडायची. टिंगल करायची नाही, मुद्द्यात पाणी घालायचं नाही. समोरचा "हो, आम्हाला हेच म्हणायचंय" असं म्हणेपर्यंत खाली बसायची सोय नाही. ज्याने कुणी ही रीत काढली तो माणूस भलताच खट असला पाहिजे. भांडायला आलेल्या माणसाला त्याच्याच तोंडून दुसऱ्याची वकिली करायला लावायची, याहून मोठी शिक्षा कुठली?

आईची खुर्ची मधल्या वाटेत ठेवली होती. तिचं म्हणणं, ती कुठल्याच बाजूची नव्हती. खरं म्हणजे तिला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, आणि मध्ये बसलं की मान वळवून दोन्हीकडचं ऐकता यायचं.

पहिलं कुणी बोलायचं याची चिठ्ठी ताईची निघाली. ती उठली, पदर सावरला आणि घाईघाईने दादाची बाजू उरकून टाकायला लागली. "यांचं म्हणणं असं, की लहानपणीचा बाप्तिस्मा खोटा..."

"नाही," दादा म्हणाला. "आमचं म्हणणं हे नाही."

"बरं. यांचं म्हणणं, की आमच्या आईबापांचा विश्वास कमी पडला..."

"हेही नाही."

सगळी मंडळी बघत होती. ताईला दादाचा चेहरा दिसत होता, आणि त्यावर राग नव्हता. तो वाट बघत होता. लहानपणी ती पाढे म्हणताना अडली की तो असाच बघायचा, उत्तर सांगून न टाकता. ती थोडा विचार करून हळूहळू म्हणाली, "यांचं म्हणणं असं, की देवाने मला विचारलेल्या प्रश्नाला माझ्या वतीने दुसरं कुणी हो म्हणू शकत नाही. कितीही माया असली तरी. आई असली तरी."

"हो," दादा म्हणाला. "हेच."

ताई मटकन खाली बसली. इतकी वर्षं जिला ती अडेलतट्टूपणा म्हणत आली, ती गोष्ट तिच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडली होती आणि ऐकायला अजिबात वेडगळ वाटत नव्हती. हा दुसरा धक्का.

मग दादा उठला. एरवी चार माणसांत बोलायचं म्हटलं की खिशातल्या पान्याशी चाळा करणारा माणूस, पण असा बोलला की ताईच्या बाजूच्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मूल चालायला शिकायच्या आधी आपण त्याला कडेवर घेतोच ना, असं तो म्हणाला. नाव ठेवताना विचारतो का त्याला? देवाने आधी आपल्याला धरलं, मग आपण त्याला, हेच आम्ही पाण्याने सांगतो. ताईला वाटलं, आपल्याला हे इतकं नीट कधीच मांडता आलं नाही. हा तिसरा धक्का, आणि हा गोड होता.

"आणि माझी बहीण," दादा म्हणाला, "आमच्या लोकांना नेहमी एक दाखला देते."

सगळ्यांना तो दाखला पाठ होता. लाँड्रीच्या भिंतीवर, इस्त्रीच्या टेबलाच्या वर, एक जुना फोटो होता. पांढऱ्या झालरीच्या फ्रॉकमधलं तान्हं बाळ आणि त्याला धरलेली तरुण आई. बाप्तिस्म्याच्या दिवशीचा. वाद निघाला की ताई इस्त्री उभी करून फोटोकडे बोट दाखवायची. म्हणायची, मला काही आठवत नाही, पण माझ्यासाठी हो म्हणणारी माणसं होती. त्यांच्या त्या 'हो'वर मी साठी गाठली. तुम्ही त्याला केस ओले करणं म्हणता?

"ती म्हणते," दादा म्हणाला आणि थांबला. "ती म्हणते, की मला या पायरीवरून आत आणलं..." पुन्हा थांबला.

"बोला की," त्याचे तरुण पाळक हळूच म्हणाले. "छान चाललंय."

दादा जमिनीकडे बघत होता. त्याच्या मानेवर घाम आला होता. "मला आत आणलं, आणि माझ्या डोक्यावर पाणी..."

"पुरे."

आई उठून उभी राहिली होती. खुर्चीच्या पाठीला धरून. "पुरे झालं. देवाच्या घरात माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"आई, बस खाली," दादा म्हणाला.

"नाही बसत. चिमीला पाणी लागलंच नाही." चिमी म्हणजे ताई, या नावाने तिला फक्त आई आणि दादा ही दोघंच हाक मारायची. "फोटो सकाळी काढला. मग इथे आलो. पायरीवर तुमचे वडील आणि तेव्हाचे पाळक यांची जुंपली. पाणी एकदा ओतायचं की तीनदा. हे म्हणाले, शास्त्राप्रमाणे तीनदा. पाळक म्हणाले, शास्त्राप्रमाणे एकदा. दोघांनी वचनं काढली. मी पोर घेऊन उन्हात उभी. शेवटी हे म्हणाले, चला घरी. आणि आलो घरी."

आईने पदराने तोंड पुसलं.

"मग ते पाळक बदलून गेले. नवे आले, त्यांनी विचारलं, मुलीचा बाप्तिस्मा झालाय ना? मी भिंतीवरचा फोटो दाखवला. तोंडाने काही म्हटलं नाही. नुसता फोटो दाखवला. हे मंडळीत पुढारी. पुढाऱ्याचीच पोर तशी राहिलीय, हे कोण सांगणार? आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले."

पुढच्या बाकावर ताईचे म्हातारे पाळक आ वासून बसले होते. बाप्तिस्मा झालेल्यालाच मिळणारी प्रभूभोजनाची भाकर त्यांनी तिला किती वर्षं दिली होती! तिने मुलांचे वर्ग घेतले होते, दुसऱ्यांची बाळं पाळकांच्या ओंजळीखाली धरली होती, मेजावरचं पांढरं कापड धुऊन इस्त्री करून आणलं होतं. आणि ती स्वतः? ती कोण होती मग? तिचा हात नकळत डोक्याकडे गेला आणि तिने केस चाचपून पाहिले.

मग तिने दादाकडे पाहिलं, आणि सगळ्यात मोठा धक्का तेव्हा बसला. त्याला धक्का बसलेला नव्हता.

"तुला माहीत होतं?"

"तिथेच होतो मी," दादा म्हणाला. "तुझी दुधाची बाटली माझ्याकडे होती."

"मग इतकी वर्षं... एवढा भांडलास माझ्याशी. एका वाक्यात जिंकला असतास. मी त्या फोटोकडे बोट दाखवायची आणि तू..."

"वाद मंडळीचा होता," तो म्हणाला. "फोटो तुझा होता."

ताई रडली. सगळ्यांसमोर, नाक ओढत, पोरीसारखी रडली, आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

म्हातारे पाळक सावरून उठले. "हे बघा, चूक कुणाची ते जाऊ द्या. यांना बाप्तिस्मा द्यायला हवा."

"हवाच," तरुण पाळक म्हणाले. "जाणतं माणूस आहे, विश्वास आहे. प्रश्नच नाही."

"मग ठरलं," म्हातारे पाळक म्हणाले.

दोन वर्षांत या दोन पाळकांचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. कुणीतरी टाळीही वाजवली.

"रविवारी सकाळी करू," म्हातारे म्हणाले. "पाण्याचं पात्र आहेच."

"पात्र?" तरुण म्हणाले. "मोठ्या माणसाला पात्र? टाकी भरू."

"या वयात त्यांना बुडवणार तुम्ही?"

"वयाचा काय संबंध? वचनात स्पष्ट आहे..."

"वचनात काय आहे ते मला नका सांगू!"

बाकं बदललेली होती हेसुद्धा लोक विसरले. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे वचनं उडायला लागली. आणि मागून कुणीतरी, अगदी मनापासून, विचारलं, "पण ओतायचं झालं, तर एकदा की तीनदा?"

आईने दोन्ही कानांवर हात ठेवले. "हेच," ती म्हणत होती. "बाई गं, त्या दिवशीही अगदी हेच."

ताईने डोळे पुसले. त्या गलक्यातून वाट काढत ती दादासमोर जाऊन उभी राहिली. तिला भीती वाटत होती, कारण हा माणूस शास्त्राच्या बाबतीत तसूभरही हललेला तिने पाहिला नव्हता. आत्ताही तो टाकी म्हणाला असता, तर ती टाकीत उतरली असती, पण मग तिच्यात आणि त्याच्यात काहीतरी कायमचं संपलं असतं.

"दादा, तू सांग. पाणी किती?"

आवाज एकेक करून थांबले. दादाने मागे दोन्ही पाळकांकडे पाहिलं, मग आईकडे. खिशातल्या पान्याशी चाळा सुरू झाला.

"तू म्हणशील तेवढं, चिमे," तो म्हणाला. "हो म्हणायचं आहे ते तुला."

"आणि माझ्या नातीच्या बाप्तिस्म्याचं? तिला तर अजून बोलताच येत नाही."

दादाचा पान्याशी चाललेला चाळा थांबला. त्याला ते पटलेलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

"येतो," तो म्हणाला. "बाटली माझ्याकडे दे. मला धरायची सवय आहे."