म्हसोबाचं दूध

मुक्ताबाईंनी दुधाचा तांब्या फडक्यानं घट्ट बांधला, पदराआड धरला आणि म्हशीच्या पलीकडून हळूच सटकायला पाहिलं. पण छबूच्या नजरेतून मुंगी सुटत नव्हती, तिथं सासू कुठली सुटायला!

"आत्या, तांब्या घिऊन कुठं निघालाव?"

"नागझरीला. म्हसोबाला दूध घालून येते."

"गावात कुत्रं न्हाई ऱ्हायलं. येवढ्या उन्हाचं जायचं कावून? हितंच एका दगडाला शेंदूर लावा की."

"देव काय खुंटा हाय? हितनं उपटला आन् तिथं रोवला?" मुक्ताबाई तिथंच थांबल्या. "माझं ऐक. म्हसोबाला पोचल्याबिगर या म्हशीचं घोटभर दूध डेअरीत घालायचं न्हाई."

छबूनं बादली अशी आपटली, की नवं पारडू दचकून आईच्या पोटाखाली शिरलं. छबूचं तरी काय चुकत होतं म्हणा! पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलेलं. गावच्या दूध संस्थेनं चौसाळ्याच्या अलीकडं माळावर चारा छावणी उघडली, तसं सगळं नागझरी गाव आपापल्या जनावरांमागं तिथं येऊन बसलं होतं. कडबा, पाणी छावणीचं; पण मीठमिरची ज्याची त्यानं बघायची, आणि या घराची मीठमिरची एकट्या म्हशीच्या कासेत होती. म्हैस व्याली, चीक सरला, आज दूध निवळलं. छबू कधीची या दिवसाची वाट बघत होती, आणि नेमकी आजच सासूबाईंना रीत आठवली. रीत मात्र खरीच होती. नागझरीत निवळलेलं पहिलं दूध म्हसोबाचं, मग माणसांचं.

संस्थेचा टेम्पो दुधाचे कॅन घेऊन रोज शीतकेंद्रावर जायचा. वाटेत नागझरीचा फाटा लागे. रामहरी ड्रायव्हरनं मुक्ताबाईंना फाट्यावर उतरवलं आणि बजावलं, "आजी, रिकामे कॅन घिऊन येतो तवर फाट्यावर येऊन थांबा. मला हाका मारत गावात याया लावू नका."

"बरं बाबा, राजा मानूस तू," म्हणत त्या चालू लागल्या.

वेशीतून आत शिरताना त्यांचा हात सवयीनं पदराकडं गेला. सून होऊन आल्यापासून वेशीत पदर सारखा करायचा, पारावर म्हातारे बसलेले असतात म्हणून. आज पार मोकळा होता. घराघरांना कुलपं. आपल्या दारासमोर त्या क्षणभर उभ्या राहिल्या, कुलूप ओढून पाहिलं आणि पुढं निघाल्या. इतकी वर्षं या गावात काढली, पण स्वतःच्या वहाणांचा आवाज त्यांना कधी ऐकू आला नव्हता. म्हसोबावर धूळ किती साठली असेल, याच विचारात त्या बारवेच्या वाटेला लागल्या.

बारवेच्या काठावरच्या लिंबाखाली म्हसोबा होता. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. भोवती झाडून काढलेलं, शेंदूर ताजा, आणि पुढ्यात पणती. पणतीला अजून तेलाचा ओलावा होता.

"कोन हाय?" बारवेतून आवाज आला.

मुक्ताबाईंनी वाकून पाहिलं. बारवेच्या सावलीतल्या पायऱ्यांवर मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी होती. त्यांच्यातून वाट काढत रतनबाई वर आली. म्हाळू धनगराची बायको. यांचं बिऱ्हाड वेशीबाहेरचं.

मुक्ताबाईंना तोंड कुठं लपवावं कळेना. छावणी उघडली त्या दिवशी म्हाळू आणि रतनबाई मेंढरं घेऊन फाटकापाशी आले होते. छावणीत मोठी जनावरंच घ्यायची, असा नियम होता. संस्थेचे चेअरमन आप्पांनी तो वाचून दाखवला आणि मेंढरं मागं वळली. तेव्हा मुक्ताबाई जवळच होत्या. रतनबाईनं त्यांच्याकडं पाहिलंही होतं. मुक्ताबाईंनी खाली बघून म्हशीचं दावं सोडलं आणि पुन्हा बांधलं, एवढंच.

"आक्का, तुमी? आन् असल्या उन्हाच्या?" रतनबाईच्या चेहऱ्यावर त्या दिवसाचं काहीच नव्हतं. "बसा, बसा. म्हैस व्याली म्हना की."

"तुला कुनी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? गेली तवाच कास उतरली व्हती. म्या म्हसोबाला म्हनलं, मुक्ताक्काची म्हैस सुटू दे नीट."

मुक्ताबाईंनी पणतीकडं बोट दाखवलं. "ह्ये तू करतीस?"

"दिवसभर दुसरं काम काय हाय?" रतनबाई ओशाळल्यासारखी हसली. "मेंढी व्याली की तिचं दूध घालते थोडं. सगळ्यांची नावं घेते. आधी पाटलाचं घर, मग तुमचं, मग शहादेवाचं... आळीनं जायाचं म्हंजी कुनी सुटत न्हाई. तुमच्या घरचं कवाच पोचलं बगा, आक्का. उगं तरास घेतला तुमी."

मुक्ताबाईंनी तांब्या मांडीवर घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसलं, तर रतनबाईला दिसेल. नाही पुसलं, तरी दिसेलच. शेवटी त्यांनी पदराच्या शेवानं नाक पुसलं आणि घाम आल्याचं सोंग केलं. मग फडकं सोडून म्हसोबावर धार धरली. उरलेलं दूध त्यांनी रतनबाईपुढं केलं.

"घे. चहा करून पी."

"चहाला पानी लागतं, आक्का," रतनबाई सहज म्हणाली. "बारवंचं पानी सरलं. तळाच्या चिखलातनं घोटभर निथळतं त्येवडं मी पिते, मेंढरं चिखलच चाटत्यात. टँकर येईनासा झाला. गावात मानूसच न्हाई, मंग पानी कुनाला टाकायचं, म्हनत्यात."

"आन् तू कोन हायस मंग?"

"मी कुठं गावात धरलेली हाय?" ती कुरकुर करत नव्हती, आज वार कोणता ते सांगावं, तसं सांगत होती. "ह्ये सिरसाळ्याच्या अंगाला चारापानी बगाया गेल्यात. परवा येतील. तिकडं काई मिळालं तर जाऊ, न्हाईतर खाटकाला बोलवायचं. दुसरं काय?"

पायरीवरचं एक कोकरू धडपडत वर आलं आणि रिकाम्या पणतीला तोंड लावू लागलं. रतनबाईनं त्याला अलगद मागं ओढलं.

परतीच्या वाटेवर मुक्ताबाई टेम्पोत पुढं बसल्या होत्या. मागं रिकामे कॅन सारखे एकमेकांवर आदळत होते. रामहरीनं विचारलं, "आजी, पोचलं का दूध देवाला?"

त्यांनी उलट विचारलं, "शीतकेंद्रावर पानी असतंय का रं?"

"बोर हाय की. लई पानी. कॅन धुवायला नळच सोडून ठिवलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीतल्या दूध संकलनापाशी नेहमीची रांग लागली. आप्पा, मुक्ताबाईंचे चुलत दीर, स्वतः उभे होते. छबू भरली बादली घेऊन पुढं आली, तर मुक्ताबाईंनी तिचा दंड धरला.

"थांब जरा."

"आता कुठला देव ऱ्हायला?" छबू कळवळून म्हणाली.

मुक्ताबाई आप्पांकडं वळल्या. "आप्पा, टेम्पो येताना रिकामे कॅन आनतो. त्येच्यात पानी भरून आना आन् नागझरीत बारवंपाशी उतरवा. रतन हाय तिथं, मेंढरं घिऊन."

"वैनी, मेंढरं नियमात बसत न्हाईत. तुमाला ठाव हाय."

"नियम छावणीचा. कॅन कुनाचे?"

"संस्थेचे."

"संस्था कुनाची?"

आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. "असं करता येत न्हाई, वैनी. आज मेंढरं, उद्या आनिक कोन. दूध घाला, लोकं खोळंबलीत."

मुक्ताबाई वाद घालायचं सोडून नुसतं सांगू लागल्या. रतनबाई तिथं एकटी आहे, म्हसोबाला रोज दिवा लावते, आणि आळीनं जात घराघराचं नाव घेते, ते कसं. पाटलाचं. शहादेवाचं. आसारामाचं. नावं ऐकता ऐकता रांगेतली माणसं जवळ सरकली. "आप्पा, तुमच्या पांढऱ्या गाईचं बी नाव घेती ती," त्या म्हणाल्या.

छबूनं सासूकडं पाहिलं. मग तिनं कमरेचा पदर सोडून बादलीवर झाकला, दूध न घालताच रांगेतून बाजूला झाली आणि बादली खाली ठेवून उभी राहिली. घरात मीठ संपलं होतं, ते मुक्ताबाईंनाही ठाऊक होतं. तिच्या मागं केसरबाई बाजूला झाली. मग आसाराम.

आप्पांनी दुधाचं माप उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"रामहरी," त्यांनी मान वर न करताच हाक मारली, "कॅन धुवून झाले की भरून घ्यायला किती येळ लागंल रं?"

"आप्पा, नळ तर चालूच असतोय."

"मंग आजपासून भरून आन."

छबूनं बादली उचलली.