पालक म्हणून कोण

आईने इच्छापत्राच्या मसुद्याचा कागद टेबलावरून वकीलबाईंकडे इतक्या जोरात सरकवला, की पेनांचा पेला कलंडला. वकीलबाईंनी तो सरळ केला.

"पुन्हा बोल," आई मुलाला म्हणाली. "आत्ता काय म्हणालास ते यांच्यासमोर पुन्हा एकदा बोल. मला कमी ऐकू येत असेल."

आईला मुळीच कमी ऐकू येत नव्हतं. टेलिफोन कार्यालयातली सगळी नोकरी तिने कानांच्या जोरावर केली होती. शेवटी शेवटी तर बायकांची अख्खी शिफ्ट तिच्या हाताखाली होती, आणि त्यातल्या निम्म्या तिला टरकून असत. मुलगाही आत्ता टरकलेलाच होता. लिफ्ट बसवणारा चांगला धिप्पाड गडी, पण खुर्चीच्या टोकाशी बसून मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत होता.

"पैशाचं मी बघतो," तो म्हणाला. "घराचं, बँकेचं, सगळं. पण पालक म्हणून माझं नाव घालू नकोस. चिमीला मी माझ्याकडे नेणार नाही."

चिमी खिडकीपाशी बसून खाली रस्त्यावर चाललेलं टायरच्या दुकानाचं काम बघत होती. तिची तिशी उलटली होती. समज मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलीची, असं डॉक्टर सांगत. आईला ते कधीच पटलं नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीला माणसाचा चेहरा इतका वाचता येत नाही.

"सख्खा भाऊ आहे हा," आई वकीलबाईंना म्हणाली. "तुम्ही नुसतं नाव घाला. बाकी मी बघते."

"तसं होत नाही, काकू. इच्छापत्रात तुम्ही पालक सुचवू शकता, लादू शकत नाही. उद्या कोर्ट यांना विचारणार, तयार आहात का म्हणून. आणि पैसा सांभाळणारा एक आणि माणसाचं बघणारा दुसरा असला, तर उलट बरंच. एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं."

"मला लक्ष ठेवणारा नकोय. भाऊ हवाय." मग ती जरा थांबून म्हणाली, "आणि काहीच न लिहिता गेले तर?"

"तर दोघांना निम्मं निम्मं. चिमीताईंचं निम्मं थेट त्यांच्या हातात. मग कोणीही यावं, गोड बोलावं आणि सही घ्यावी. म्हणून तर आपण ट्रस्ट करतोय. पैसा त्यांचाच, पण हात लावणार विश्वस्त, आणि तोही त्यांच्याच खर्चासाठी."

हे सगळं आईला तोंडपाठ होतं. पुढच्या महिन्यात तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर हसून बोलत होते, पण तिने आयुष्यभर लोकांचे आवाज ऐकले होते. हसण्यात काय लपवलंय ते तिला कळत होतं. म्हणून तर ही घाई.

"तुझ्या बायकोने सांगितलं ना?" तिने मुलाला विचारलं.

"तिचा काही संबंध नाही."

"मग जीभ रेटते कशी तुझी? मी मेल्यावर बहिणीने जायचं कुठे?"

तो पुन्हा घड्याळ फिरवू लागला. त्याच्या गप्प बसण्याने तिच्या अंगाची लाही लाही झाली. काही सबब सांगितली असती, घर लहान आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, तर तिने ती तिथल्या तिथे खोडून काढली असती. चिमीला घरी घेऊन जा म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना तिने खोडून काढलं होतं. मुलगी अशी निघाली म्हणून आईकडच्या रक्तात दोष शोधणाऱ्या सासरच्यांनाही काढलं होतं. नवरा गेल्यावर, आता हिला कुठल्यातरी संस्थेत ठेव असं सुचवणाऱ्या जावेला तर तिने उंबऱ्याबाहेरच काढलं होतं. पण ती सगळी परकी माणसं होती. हा पोटचा होता.

"ठीक आहे," ती म्हणाली. "लिहा. घर, पैसे, सगळं चिमीला. याचं नाव काढून टाका. विश्वस्त म्हणूनसुद्धा नको. बँक नेमा नाहीतर कोणी परका नेमा."

"काढ," मुलगा म्हणाला. "खरंच काढ. मी कुठे सही करायची ते सांग."

आई त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्याकडे होतं नव्हतं ते शेवटचं हत्यार तिने उपसलं होतं, आणि त्याने मान खाली घातली होती. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाताना व्हायचे तसे.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची खिडकीकडे वळवली.

"चिमीताई, तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"

"तिला काय विचारायचंय?" आई म्हणाली. "तिला काय कळतंय यातलं?"

"विचारावं लागतं, काकू. त्यांचंच तर चाललंय सगळं."

चिमीने आधी भावाकडे पाहिलं.

"सांगू?"

"तुझी मर्जी," तो म्हणाला.

"मला दादाकडे नाही राहायचं," चिमी म्हणाली. "दादाकडे मी गेले की सगळे हळू बोलतात. मला लॉन्ड्रीच्या वर राहायचंय. तिथे आमच्यातल्या चौघीजणी राहतात. माझ्या चादरीचं दुसरं टोक धरते ना, ती पण तिथेच राहते."

दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत चिमी घड्या घालायला जात असे. आई तिला सकाळी दारापर्यंत सोडायची आणि संध्याकाळी दारातूनच घेऊन यायची. वर खोल्या आहेत हेही तिला माहीत नव्हतं.

"तू कधी पाहिलंस वर?"

"तुला तपासणीला ठेवलं होतं तेव्हा. दादाने नेलं. आम्ही पलंग बघितले, बाथरूम बघितली. देखरेखीच्या बाई आहेत तिथे, त्या म्हणाल्या, कधीही ये." चिमी थांबली. "आईला सांगू नको, असं मीच म्हटलं दादाला. शप्पथ घातली. ऑपरेशनच्या आधी तुला राग चालत नाही."

खाली टायरमध्ये हवा भरण्याचा आवाज आला आणि बंद झाला. आई मुलाकडे वळली.

"आणि तू इतका वेळ ऐकून घेत बसलास?"

"तिला शब्द दिला होता."

"माझ्या पाठीमागे."

"हो."

आईचा श्वास जोरात चालला होता. मुलगा पाण्याचा ग्लास पुढे करायला उठला, तसं तिने हातानेच त्याला बस म्हणून सांगितलं. राग उतरला नव्हता, पण आता तो कोणावर काढायचा हेच तिला कळेना. आपण एक दिवस जरी नसलो तरी हिचं कसं होईल, या धास्तीने तिने ना कधी प्रवास केला, ना कोणाकडे मुक्काम केला. आणि ती मोजून चार दिवस नव्हती, तर हिने जाऊन पलंग बघितले होते.

"खोली कशी आहे?" तिने विचारलं. हाताखालच्या बायकांना जाब विचारावा तोच आवाज.

"छान आहे," चिमी म्हणाली. मग जरा विचार करून, आईला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली, "पण लहान आहे. तू नाही मावणार."

 आईने मसुदा पुन्हा आपल्याकडे ओढला आणि पालकाच्या कलमावर बोट ठेवलं.

"इथे 'माझ्या पश्चात' कशाला लिहिलंय?" ती वकीलबाईंना म्हणाली. "ते काढा. मी असतानाच जाऊ दे तिला. दवाखान्यातून मी घरी आले की लगेच."

"त्याला इच्छापत्र लागत नाही, काकू."

"माहीत आहे मला," आई करड्या आवाजात म्हणाली. "तरी लिहा."