कोणी केलं?

मी एक डायरी बोलतेय. आधी या घरातला एक नियम सांगते. गोजाबाई आजी म्हणतात, "घरातलं काम लिवायचं नसतं, करायचं असतं." का, ते विचारायचं नाही.

माझा जन्म भोसरीतल्या एका छापखान्यातला. निळं कव्हर, त्यावर सोनेरी २०२३ आणि मधे लाल रेशमी दोरा! नव्या वर्षाला ज्योतीरामांच्या कंपनीनं मिठाईच्या बॉक्सबरोबर मला त्यांच्या हातात दिलं, तेव्हा मी आनंदानं फुगले होते. दापोडीच्या घरी आले आणि प्लास्टिकसकट थेट शोकेसमध्ये गेले. चांगली डायरी आहे, कोणी खराब करू नका, असं फर्मान निघालं. दोन वर्षं मी कोरी राहिले. या कारखान्यांच्या पट्ट्यात घरोघरी माझ्या अशा किती बहिणी कोऱ्याच म्हाताऱ्या होत असतील!

मग एका सकाळी ज्योतीरामांच्या मुलीनं, स्वरूपानं, माझं प्लास्टिक टरकावलं. ती नुकतीच ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन बाहेर पडली होती. आजी ओरडल्या, पण तोवर तिनं पट्टीनं चार रकाने आखलेसुद्धा. काम, वेळ, कोणी केलं, तपासणाऱ्याची सही. माझे वार तर सगळे चुकीचे होते. ते तिनं खोडून नवे घातले. पेनाचं टोक पहिल्यांदा टेकलं तेव्हा काय शहारले म्हणून सांगू!

आणि मग मी भरत गेले! पाणी कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून कोणत्या दिवशी किती वाजता आलं, किती पिंपं भरली. आजींच्या बीपीच्या गोळ्या किती उरल्या. सिलिंडर कधी लावला. पप्पांचा युनिफॉर्म कधी धुतला, भावाचा, सुजितचा, डबा कधी भरला. पूर्वी रोज काहीतरी विसरायचं आणि बोलणी स्वरूपाला बसायची. आता काही विसरत नव्हतं. लाल दोरा रोज एक पान पुढे सरकायचा आणि मला वाटायचं, हे घर माझ्यावर चाललंय.

शेवटच्या रकान्याची गंमत ऐका. ज्योतीराम कंपनीत तपासणीचं काम करतात. समोर चेकशीट आली की सही, ही सव्वीस वर्षांची सवय. कंपनीत वाचून करत असतील. घरी स्वरूपा चहाच्या कपाशेजारी मला उघडून ठेवायची आणि ते टीव्हीवरची नजर न काढता खिशातलं पेन काढून सही ठोकायचे. रोज. महिनाभर.

मग चाकणच्या कंपनीचं पत्र आलं. क्वालिटीत ट्रेनी, सोमवारपासून हजर. बस नाशिक फाट्यावर सकाळी सहाला. स्वरूपानं ते पत्र माझ्यात ठेवलं. त्या दिवशी माझं कव्हर मिटेना!

रविवारी संध्याकाळी बैठक बसली. आई कॅन्टीनच्या कामाला पहाटेच जाते, सुजितचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष, मग घर कोण बघणार? पप्पा म्हणाले, सहा महिने थांब, नोकऱ्या काय पळून जात नाहीत. आजींनी मान डोलावली.

"आणि घरात असं काम तरी किती असतं गं?" पप्पा म्हणाले.

स्वरूपानं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"तुम्हीच सांगा पप्पा. तीस पानं तुम्ही तपासलीत."

त्यांनी पान उलटलं, मग दुसरं. कोणी केलं? स्वरूपा. स्वरूपा. आई. स्वरूपा. सुजित एकदाच, सिलिंडर आत घेतला तेव्हा. प्रत्येक ओळीपुढे ज्योतीरामांची वळणदार सही.

"आता ह्ये काय कंपनी हाय व्हय?" आजी म्हणाल्या. "पोरीच्या जातीनं करायचंच असतं."

"का?" स्वरूपानं विचारलं.

या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मी थांबणार नाही," स्वरूपा म्हणाली. "उद्याचं पान मी लिहून ठेवलंय. या वेळी वाचून सही करा."

तेवढ्यात मोरीतला नळ खाकरला. पाणी आलं. सवयीनं सगळे स्वरूपाकडे बघू लागले. ती बसून राहिली. आई पदरानं ओठ पुसत खाली बघत होती, पण मला तिचं हसू दिसलं.

बघा, मी उघडी पडलेय पप्पांच्या मांडीवर, सोमवारच्या पानावर. तुमच्याही शोकेसमध्ये माझी एखादी बहीण असेल, तिचं प्लास्टिक फाडा हो. पप्पांनी चष्मा चढवलाय. बोट पहिल्याच ओळीवर थांबलंय. काम, पाणी भरणे. कोण करणार, ज्योतीराम.

नळ वाहतोय. पप्पांचा हात खिशातल्या पेनाकडे जातोय.