भागीची नवी भाजी

वडपे गावच्या त्या गोदामात आधी टीव्हीची खोकी असायची. आता तिथे जांभळ्या दिव्यांखाली लेट्यूस उगवतं. ना माती, ना ऊन. मुळं पाण्याच्या नळीत आणि वर कुरकुरीत पानं. बी लावण्यापासून सगळं पाड्यावरच्या भागीनं केलं होतं, आणि आज पहिली तोडणी होती.

माल बघायला आलेले हॉटेलवाले अजून बाहेर चहा घेत होते. मॅनेजर विवेकनं जाहिरातीच्या व्हिडिओसाठी मोबाइल रोखला. "भागीबाई, एक पान तोडा, खा आणि जरा हसा."

"मी न्हाय खायची, सायेब. नवी भाजी हाय. देवाला दाखवल्याबिगर आमी तोंडात घालत न्हाय. एक पान घरी नेऊ द्या, उद्या खाते की."

एक पान! बाईनं मागून मागून मागितलं काय, तर एक पान. पण विवेकच्या कपाळाला आठ्या पडल्या. "इथून काडी बाहेर जात नाही. आणि ही काय शेतातली भाजी आहे? मशीनचा माल आहे हा. खायचं नसेल तर उद्यापासून येऊ नका."

भागीच्या अंगाची लाही लाही झाली. एकेक रोप हातानं लावताना कुठे गेलं होतं याचं मशीन? हे काम सुटलं की पुन्हा वीटभट्टी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं हात मागे घेतले.

विवेकनं पॅकिंगच्या दिपिकाला पुढे बोलावलं. नारपोलीची दिपिका देवबिव मानत नव्हती, तिला पान खायला काहीच अडचण नव्हती. पण विवेक म्हणाला, "नाव भागी सांग. पाकिटांवर छापून झालंय, 'आदिवासी भागीताईची भाजी'."

दिपिका रोपांकडे वळली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच होती. तेवढ्यात हॉटेलवाले आत आले, आणि भागीची नजर चुकवत तिनं पान तोडलं. "मी भागी," ती पुटपुटली आणि पान चावलं.

भागीला दिपिकाचा राग आला नाही. तिची काय चूक? राग आला तो त्या मोबाइल धरणाऱ्याचा. गोदाम ह्यांचं, दिवे ह्यांचे, भाजी ह्यांची, बरं बाबा, घ्या. पण आईबापानं ठेवलेलं नावही ह्यांच्याच मालकीचं?

तिनं टोपी आणि हातमोजे काढून टेबलावर आपटले. दिपिकाला खांद्याला धरून हळूच बाजूला केलं आणि स्वतः मोबाइलसमोर उभी राहिली.

"भागी मी हाय," ती हॉटेलवाल्यांकडे बघत म्हणाली. "आन् मी ही भाजी खाल्लेली न्हाय."