चादरीखालचं मशीन

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. आमच्या घरातलं कपडे धुण्याचं मशीन एकदा उन्हाळाभर तोंडावर चादर घेऊन पडलं होतं, आणि ते आहे हे कुणाला कळू नये म्हणून आम्ही म्हातारा-म्हातारी चोरासारखे वावरत होतो. स्वतःच्या घरात!

"काका, गेल्या खेपेला मशीन जिना उतरून रस्त्यावर गेलं होतं म्हणालात," न्हावी म्हणाला. दुकान बंद केलं की तो माझ्या पायरीवर येऊन बसतो. शेजारचा शिंपी त्याच्या आधीच टेकलेला असतो.

गेलंच होतं. कपडे पिळायला लागलं की त्याला पाय फुटायचे. पण ती गोष्ट वेगळी, आणि तू मध्ये बोलू नकोस. आत आमची ही बटणं लावत बसली आहे. खोटं असेल तर ती बोलेल.

मशीन तिचंच. हिनं उभा जन्म इस्पितळाच्या धुलाईघरात काढला. परक्यांच्या चादरी, परक्यांचं रक्त, परक्यांच्या ओकाऱ्या. यंत्रात टाकायच्या आधी सगळं हातानं सोड्यात घोळायचं, त्यानं बोटांची सालं निघायची. घरी आली की मीठ झोंबतं म्हणून मिठाच्या डब्यात हात घालायला मला सांगायची. निवृत्त झाली आणि तडक दुकानात जाऊन मशीन घेऊन आली. "आता ह्या हातांनी कपडा पाण्यात घालणार नाही," म्हणाली. मी म्हटलं, मला विचारायचं तरी. तर म्हणते, "का? तुम्ही धुणार होतात?" संपला विषय.

तर त्या उन्हाळ्यात परदेशातल्या एका विद्यापीठाची पोरं आपल्या इथं भाषा शिकायला आली. सकाळी शाळेत वर्ग, राहायला घरोघरी एकेक. आमच्याकडे एक मुलगी आली. आमच्या दारातून वाकल्याशिवाय आत यायची नाही. पहिले काही दिवस आम्हाला वाटलं, काय नम्र पोर आहे! मी तिचं नाव ठेवलं ताडमाड.

"मुलीच्या जातीला ताडमाड?" शिंपी म्हणाला.

तीही मला काहीतरी म्हणत असणारच. मी विचारायला गेलो नाही.

ती यायच्या आधी घर बघायला ह्या पोरांची सोय लावणारा साहेब आला होता. गळ्यात ओळखपत्र आणि तोंडावर हसू, दोन्ही एकाच दोरीला टांगलेली. खोली पाहिली, खिडकी पाहिली, संडास पाहिला, मान डोलावली. मग मोरीशेजारी मशीन दिसलं आणि गड्याचं तोंड उतरलं.

"हे... तुमचं आहे?"

"चोरीचं वाटतं का?" मी विचारलं.

"तसं नाही हो काका. पण ही मुलं इतक्या लांबून साधं जीवन बघायला येतात. यंत्रं काय, त्यांच्या घरी आहेतच. हे जरा नजरेआड झालं तर?"

ऐका! माझ्याच घरात माझी गरिबी कमी पडली! पगारी माणूस दारात येऊन सांगतो, थोडे आणखी गरीब दिसा! माझं पित्त असं खवळलं, असं खवळलं, की आमची मांजर घर सोडून गेली ती गेलीच. पण दाराशी आलेल्या माणसाला काय बोलणार? मी हिच्याकडे पाहिलं. हिनं माझ्याकडे पाहिलं. मशीनवर चादर पडली, चादरीवर फुलदाणी आली.

आणि ही पुन्हा मोरीत बसली.

ताडमाड आधी दारातून बघायची. मग फोटो काढायची, शाळेत दाखवायला. मग एक दिवस बाह्या सारून शेजारी येऊन बसली. तिनं पिळलेल्या कपड्याचं पाणी बादलीत कमी आणि छतावर जास्त जायचं. 'साबण', 'पीळ', 'झटक', 'अगं हळू' हे शब्द पोरीला वर्गात नाही, आमच्या मोरीत आले. हिला 'मावशी' म्हणायची. दोघी अशा हसायच्या की मी बाहेर एकटाच रुसून बसायचो. पण रात्री ही हातांना तेल चोळत बसे, तेव्हा हसत नसे. जुन्या भेगा पुन्हा उघडल्या होत्या.

एके सकाळी फुलदाणीचं पाणी बदलताना पोरीच्या हातून चादर ओढली गेली. ती बघतच राहिली. आधी मशीनकडे, मग हिच्या हातांकडे.

"मावशी, हे चालतं?"

"चालतं की."

"मग हात का?"

हिनं सांगितलं. पोरीला येत होते तेवढ्याच शब्दांत सांगितलं, पण ते पुरले. पोरीचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. फुलदाणी तिनं माझ्या हातात आदळली आणि घरातला कपडा न् कपडा मशीनमध्ये कोंबला. माझ्या अंगावरचा सदरासुद्धा! मी उघडाबंब, हातात फुलं, नवरदेवासारखा उभा.

मग शाळेत जाऊन ती साहेबाशी भांडली. साहेब शांतपणे आमच्याकडे आला. म्हणाला, "विद्यार्थिनीचा अनुभव बिघडला आहे. तिला दुसरं घर देतो. उद्या शाळेत यजमानांचा मेळावा आहे, तिथूनच तिची बॅग हलवू."

बाजारातल्या गाईसारखी पोर ह्या दावणीवरून त्या दावणीला! हिनं बॅग पुढ्यात ओढली. कपाटातून पोरीचे कपडे काढले, घड्या घातल्या. एकदा घातलेली घडी मोडायची, पुन्हा घालायची. बॅग काही भरून होईना.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये सगळी यजमान घरं जमली. साहेबानं पडद्यावर फोटो लावला. आमची मोरी. त्यात वाकलेली ही, कोपरापर्यंत फेस. पोरीनं वर्गासाठी दिलेला फोटो, तिला न विचारता लावलेला. साहेब म्हणाला, "ह्या माउलीनं जन्मात यंत्राला हात लावलेला नाही. तरी चेहऱ्यावर समाधान बघा!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मग?" शिंपी पुढे सरकला.

मग काय! मी उठलो. खुर्ची मागे कोसळली, खिडक्यांच्या काचा थरथरल्या, वरचा पंखा फिरायचा थांबला. म्हटलं, "साहेब, यंत्रांपुढे उभं राहून ह्या बाईचं आयुष्य गेलं. तुमच्या-आमच्या आजाराची घाण तिनं धुतली, तेव्हा फोटो काढायला कुणी फिरकलं नाही. म्हातारपणी तिनं हातांना जरा विसावा दिला, तर तो तुमच्या डोळ्यांत खुपला. आणि वर तिचं समाधान तुम्ही आम्हाला सांगता? तिला विचारलंत? ही पोर आमच्याकडे राहायला आली आहे, आम्हाला बघायला नाही. ती आमच्याच घरी येईल."

ताडमाड उठली, तिनं बॅग उचलली आणि आमच्या शेजारी येऊन उभी राहिली. साहेबाला पडदा बंद करायचं बटण सापडेना.

"तुम्ही बोललात हे?" न्हाव्यानं डोळे बारीक केले. "सगळ्यांसमोर?"

शब्द न् शब्द!

"शब्द बरोबर आहेत हो," आतून ही म्हणाली. हातात सुई तशीच घेऊन ती दारात आली. "पण ते मी बोलले. तुम्ही माझा दंड धरून मला खाली ओढत होतात. 'बस गं, बस, फोटोत किती छान आली आहेस' म्हणून."