तिसरी हाक

कृत्तिका मावळल्या. ताम्रधूसर पहाटेच्या पश्चिम कडेवरून तो इवला तारकापुंज समुद्रात उतरला, आणि त्या ग्रीक बेटावरच्या नावाड्यांनी आपापल्या होड्या ओढून वाळूवर पालथ्या घातल्या. कृत्तिका बुडाल्या की समुद्र माणसाचा राहत नाही. तिथलं शेंबडं पोरही हे जाणतं.

लिकासने मात्र त्या दिवशीच होडी लोटली. का नाही लोटणार? तत्त्ववेत्त्याचा मुलगा ना तो!

थिओनास, त्याचा बाप, म्हणजे त्या बेटाचं भूषण. शुभ्रवसन, शुभ्रश्मश्रू, मेघगंभीर वाणीचा. ऑलिव्हच्या रुपेरी, चंचल छायेत बसून तो सांगे : ज्ञान हाच सद्गुण. भय म्हणजे अज्ञान. मृत्यू कसा असतो हे कुणालाच ठाऊक नाही, मग भ्यायचं कशाला? शिष्य माना डोलवत. आणि पायाशी बसलेला, कोवळ्या मिशांचा, मोठ्या डोळ्यांचा लिकास बापाचा शब्द न् शब्द पिऊन घेई.

"बाबा, मी भीत नाही!" होडीतून तो ओरडला होता. थिओनास हसला. शिष्य हसले. मेलिता, लिकासची आई, तेवढी तोंडावर हात दाबून उभी राहिली.

वारा सुटला. आभाळ काळवंडलं. होडी परत आली, उपडी होऊन, रिकामी. लिकास आला नाही.

बेटावर एक रीत होती. समुद्राने ज्याचा देह परत दिला नाही, त्याला येत्या अमावास्येपर्यंत बापाने किनाऱ्यावरून तीनदा नावाने हाक मारायची. बापाच्या आवाजानेच त्या जिवाला पितरांची वाट सापडते. आईचा आवाज चालत नाही. हाका पुऱ्या झाल्या नाहीत, तर तो जीव खाऱ्या, काळ्या, अपार पाण्यावर भटकत राहतो, थंडीत, एकटा.

आणि अमावास्या आज होती.

"एवढं एक करा," मेलिता म्हणाली. "तीन हाका. दुसरं काही मागत नाही मी."

"मृतांना कान नसतात, मेलिता."

"मला आहेत ना!"

"शिष्य काय म्हणतील? जन्मभर शिकवलं, ते एका संध्याकाळी बुडवू?"

"पोर बुडवलंत, ते चाललं!"

मेलिताला वाटलं, ती पांढरीशुभ्र दाढी धरून या माणसाला गदागदा हलवावं. जळो ते ज्ञान! तिच्या पोटचा गोळा त्याने खाल्ला होता, आणि वर लोक त्याला फुलं वाहत होते.

संध्याकाळी ती एकटीच किनाऱ्यावर आली. डाळिंबी, जांभळा, राखी होत उजेड विझत चालला होता. एका पालथ्या होडीआड ती बसून राहिली, काहीच करता येत नाही म्हणून.

तेवढ्यात थिओनास आला. अनवाणी, काठीवाचून, इकडे तिकडे चोरासारखा बघत. कुणी नाही असं पाहून तो पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात.

"लिकास!"

पहिली हाक दबकत आली. दुसरी आली ती छाती फोडून. "लिकास रे!" ती मेघगंभीर वाणी कुठल्या कुठे गेली, कुठल्याही बापाची असावी तशी ती हाक होती, फाटकी, ओली, वेडीवाकडी. म्हातारा हमसून हमसून रडत होता. मेलिताच्या काळजाचं पाणी झालं. त्या एका क्षणी तिने त्याला सगळं, सगळं माफ केलं.

तिसऱ्या हाकेसाठी त्याने श्वास घेतला.

"गुरुवर्य!" कड्यावरून आवाज आले. शिष्य त्याला शोधत खाली उतरत होते.

थिओनासने ओल्या हातांनी तोंड पुसलं. वळला. आवाज पुन्हा घुमला, भरदार, शांत. "बरे आलात. लोक म्हणतात, हाकेला मृत धावून येतो. मी दोनदा हाक मारून पाहिली. कोण आलं? पडताळून पाहावं, मग मानावं."

"धन्य! धन्य!" शिष्य म्हणाले.

मेलिता होडीआडून उठली. तिला पाहून थिओनासचा चेहरा पडला.

"तिसरी राहिली," ती म्हणाली. "मारा. मग मी मुकाट घरी येते."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याचे ओठ हलले. समुद्राकडे पाहिलं त्याने, मग शिष्यांकडे.

"शोक आवर, मेलिता," तो म्हणाला, आणि चालू लागला. त्याच्या मागे शिष्य, शिष्यांच्या मागे त्यांची चर्चा, कडा चढून गेली.

किनारा रिता झाला. पश्चिमेला उजेडाची एकच बारीक रेघ उरली होती. मेलिता पाण्यात शिरली. गुडघाभर, कमरभर. आईचा आवाज चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने घसा खाकरला. हनुवटी छातीशी टेकवली, आवाज ओढूनताणून जाड केला, खोल केला, पुरुषी केला. आयुष्यात लेकराशी कधी खोटं न बोललेली ती बाई अंधारत्या, अफाट, आंधळ्या पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"लिकास! इकडे ये, बाळा. घाबरू नकोस. मी बाबा बोलतोय."