नितळ पाण्यामागची झडप

मी एक जुनी लोखंडी झडप आहे. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर, पाणी वाहून नेणारी एक चरी जिथे नदीला मिळते तिथे, सिमेंटच्या चौकटीत मी वरच्या बिजागरीवर लटकते. माझे शास्त्र एका वाक्याचे आहे. चरीतले पाणी नदीपेक्षा उंच झाले की मी उघडते, नदी उंच झाली की मी मिटते. विचार करणे माझ्या कामात मोडत नाही. मित्रांनो, ते ज्यांच्या कामात मोडत होते, त्यांच्यावर माझा राग आहे.

या चरीच्या जागी पूर्वी वाकडातिकडा ओढा होता आणि ओढ्यामागे दलदल. कागदी सालीची झाडे, बगळे, बास माशांची पिल्ले. पूर आला की दलदल तो पोटात घेत असे आणि सावकाश सोडत असे. एवढे काम करणाऱ्या जमिनीला लोक ‘पडीक’ म्हणत. आज इथे गाई पाळणाऱ्या क्लॅरीच्या वडिलांनी ओढा सरळ खणला, तोंडाशी मला बसवले आणि दलदल सुकवून गाईंचे कुरण केले. त्या दिवशी केक कापला गेला. ‘पूर अडवणारी’ म्हणून माझे कौतुक झाले. ते अर्धेच खरे होते. लहान पूर मी अडवले. मोठा पूर नदीकाठचा बांध ओलांडून येई आणि आत तुंबून तेच कुरण कुजवी. रोज मी अडवत होते ती नदीतून वर येणारी समुद्राची भरती, आणि तिची अडचण कोणालाच नव्हती.

खरी गोष्ट जमिनीखाली होती. दलदलीच्या तळाशी जुन्या समुद्राचा गाळ आहे, त्यात लोह आणि गंधक एकत्र बांधलेले. पाण्याखाली ते निरुपद्रवी असते. पाणी काढून हवा लागू दिली की त्याचे तीव्र आम्ल बनते आणि पाऊस ते चरीत आणतो. आम्लात मातीतले ॲल्युमिनिअम विरघळते, त्याला गढूळपणाचे कण चिकटून तळाशी बसतात, आणि पाणी काचेसारखे नितळ दिसू लागते.

या नितळपणाचा क्लॅरीला अभिमान होता. पाहुणे आले की तो त्यांना पुलावर आणी. “तळाचे खडे मोजून घ्या. अख्ख्या नदीत असं पाणी दाखवा मला.” पाहुणे माना डोलावत. त्यात एकही मासा का नाही, हे एकानेही विचारले नाही.

क्लॅरीची थोरली बहीण आल्मा खालच्या अंगाला बोटीवरून जाळे टाकते. एकदा लांबलेल्या दुष्काळानंतर जोराचा पाऊस आला. नियमाप्रमाणे मी उघडले. दुसऱ्या दिवशी आल्मा एक पेटी घेऊन पुलावर आली. पेटीत मेलेले बास होते.

“हे काय आणलंस?” क्लॅरीने विचारले.

“तुझं नितळ पाणी. ताजं आहे, घरपोच.”

“रोग आला असेल काहीतरी.”

“कल्ले जळलेत, क्लॅरी. असा आणखी एक पाऊस झाला तर मला बोट विकावी लागेल. कोरड्या दिवसांत झडप उचलून ठेव. भरतीचं पाणी आत येऊ दे, त्यानं आम्ल मरतं. पुराची सूचना आली की पाड.”

“आणि खारं पाणी कुरणात शिरलं तर? गाईंचं लोणचं घालू?”

“खालचं कुरण भरतीपेक्षा सखल आहे. ते कुरण नाहीच, दलदल आहे. तेवढं सोड.”

“उगीच झडपेच्या मागे लागू नकोस. बाबांनी बसवलीय ती.”

“झडपेला कोण बोलतंय? ती लोखंड आहे. तू कोण आहेस?”

मग आल्माने थर्मासचे झाकण चरीत बुडवले आणि भावापुढे धरले. “एवढं सुंदर पाणी. घे, चव बघ.”

क्लॅरीने हट्टाने घोट घेतला आणि लगेच थुंकला. “लिंबू पिळलंस का यात?”

“बाबांनी पिळलं,” आल्मा म्हणाली.

त्याच आठवड्यात क्लॅरीने मला साखळी आणि ती गुंडाळायला हाताने फिरवायचा रहाट बसवला. मला वर उचलले. खालच्या कुरणात लव्हाळे परतले, चरीत मासे आले, आणि पाणी गढूळ झाले. पूर येण्याआधी मला पाडतात, ओसरला की उचलतात. यात चमत्कार काही नाही. हे आधीही करता आले असते, आणि माझा राग नेमका तिथेच आहे.

आणि तरीही गेल्या नाताळाच्या आधी, पाहुणे येणार म्हणून, क्लॅरीने मला हळूच खाली सोडले. पाणी पुन्हा नितळ व्हावे म्हणून. ते आल्माला दिसले. तिने मला उचलले, साखळीला कुलूप घातले आणि किल्ली घेऊन गेली.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझ्यापुढे फलक लावू नका. माझी खालची कड हाताने चाचपून पाहा. त्या सुंदर पाण्याने ती कुरतडून जाळी केली आहे. मी लोखंड होते म्हणून इतकी टिकले, माशांना कल्ले होते. कुठे नितळ पाणी दिसले तर कौतुक करण्याआधी त्यात कोण राहते ते विचारा. कोणीच राहत नसेल, तर वरच्या बाजूला माझ्यासारखी एखादी झडप शोधा आणि तिला उचला.